वर्गात कॅमेरा : मुलांना छायाचित्रांतून गोष्ट सांगायला कसे शिकवावे?

वर्गशिक्षिका_कोपरखैरणे

नमस्कार. मी कोपरखैरण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला मराठी शिकवते. दिवाळीच्या सुटीनंतर मी ‘माझा परिसर’ या विषयावर निबंध न देता छायाचित्रांची गोष्ट करून आणायला सांगितले. वर्गात ४२ मुले, त्यांचे सात गट, शाळेचे दोन टॅब आणि पालकांनी एका दिवसापुरते दिलेले पाच फोन, एवढ्या सामग्रीवर मुले आनंदाने बाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे अकराशेहून अधिक छायाचित्रे जमा झाली. ती पाहायला दोन रात्री लागल्या. पाहून झाल्यावर लक्षात आले की त्यांत गोष्ट जवळजवळ कुठेच नव्हती. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली मुले होती, रस्त्यांच्या पाट्या होत्या, एकाच मांजराची ३१ चित्रे होती.

मात्र एका चित्रापाशी मी थांबले. आमच्या वर्गातील एक मुलगी दिवाळे गावात तिच्या आजीकडे गेली होती. चित्रात आजीचा चेहरा नाही. फाटलेले जाळे मांडीवर ओढून घेतलेले आहे, नायलॉनचा दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला आहे आणि दोन्ही हातांच्या बोटांमध्ये गाठ अर्धवट बसलेली आहे. चेहरा का घेतला नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “आजी म्हणाली तोंड नको काढू, म्हणून हात काढले.” ही मुलगी निबंधाच्या वहीत चार ओळींच्या पुढे कधी जात नाही, या चित्राखाली तिने ११ ओळी लिहिल्या, आणि त्यातल्या एकाही ओळीत मला काही खोडावेसे वाटले नाही.

जे तिच्याकडून नकळत घडले ते इतर मुलांना जाणीवपूर्वक कसे शिकवावे, हा माझा प्रश्न आहे. कॅमेऱ्याचे तंत्र मला फारसे येत नाही. फेब्रुवारीत हाच उपक्रम पुन्हा घ्यायचा आहे, म्हणून छायाचित्रकार, शिक्षक आणि पालक अशा सर्वांनीच मार्गदर्शन करावे, ही विनंती.

डार्करूम_नौपाडा

ताई, मी ३० वर्षे ठाण्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करतो आणि त्यातली पहिली काही वर्षे फिल्मवर काढलेली आहेत. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या अकराशे आकड्यातच आहे. आमच्या वेळी रोलमध्ये ३६ चित्रे असत. लग्नाला तीन रोल घेऊन निघालो की पूर्ण दिवस त्यातच भागवायचा असे, त्यामुळे बटण दाबण्याआधी डोळ्यांनी चित्र काढून पाहण्याची सवय आपोआप लागे. तुम्ही प्रत्येक गटाला १२ चित्रांची मर्यादा घाला. पुसून पुन्हा काढणे चालणार नाही, असेही स्पष्ट सांगा, कारण ती मुभा दिली की मर्यादा नावापुरतीच उरते.

दुसरी गोष्ट अंतराची. फोनची मुख्य भिंग रुंद कोनाची असते. तिच्यात समोरचे बरेच काही मावते आणि त्यामुळेच विषय लहान दिसतो. मग मुले पडद्यावर दोन बोटे ताणून झूम करतात. बहुतेक साध्या फोनमध्ये हा झूम म्हणजे मधला तुकडा कापून मोठा करणे असते, नवीन तपशील त्यातून येत नाही आणि चित्र भुरकट होते. मुलांना पाय वापरायला सांगा. प्रत्येक विषयाची तीन अंतरांवरून चित्रे घ्यायला लावा : दुरून जागा दिसावी, मधून माणूस कामासह दिसावा आणि अगदी जवळून हात, अवजार किंवा एखादी वस्तू दिसावी. चित्रपटवाले ज्याला लाँग शॉट, मिड शॉट आणि क्लोजअप म्हणतात, ते हेच. तुमच्या विद्यार्थिनीने तिसरे अंतर आजीच्या सांगण्यावरून निवडले, म्हणून ते चित्र बोलते आहे.

उजेडाविषयी वर्गातच एक तास घ्यावा आणि तो बाहेर पडण्याच्या आधी घ्यावा. एका मुलाला खिडकीजवळ बसवा आणि त्याची चार चित्रे काढा : तोंड खिडकीकडे, खिडकी एका बाजूला, खिडकी पाठीमागे, आणि पडदे ओढून फक्त ट्यूबलाइटच्या उजेडात. खिडकी पाठीमागे असताना चेहरा काळा पडतो, कारण फोन त्या झगझगीत खिडकीचा उजेड मोजून संपूर्ण चित्र गडद करतो. चेहऱ्यावर बोट टेकवले की तो चेहऱ्यापुरता उजेड मोजतो, आणि बऱ्याच फोनमध्ये त्यानंतर बोट वर-खाली सरकवून चित्र उजळ किंवा गडद करता येते. ही चार चित्रे शेजारी शेजारी ठेवली की सावलीविषयी तासभर बोलण्याची गरज राहत नाही. दुपारी १२ च्या उन्हात बाहेर नेऊ नका. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जावे.

आणखी एक. गटांकडून चित्रे व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने मागवली तर ती दाबून लहान केली जातात आणि छापताना त्याचा त्रास होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा केबलने घ्या.

प्रयोगवही_वर्तकनगर

मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण तो या धाग्याला धरून आहे असे वाटते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ सुमारे महिनाभर रोज थोडी थोडी चित्रित केली आणि अवघ्या मिनिटभराच्या पट्टीतून बीजाचे रोप होताना दाखवले. भांडवल देणाऱ्यांना या माध्यमाची ताकद पटावी, हा त्यामागचा हेतू होता. ही हकीकत सातवीच्या वर्गात सांगितल्यावर मुलांनीच विचारले की आपल्याला हे करता येईल का.

आम्ही ओल्या कापसावर मटकी आणि वाल ठेवले. फोन एका रिकाम्या खोक्यावर टेकवून त्याभोवती टेपने चौकोन आखला, भांड्याखालीही खूण केली आणि मागे एक पट्टी उभी लावली, म्हणजे उंची मोजता येईल. रोज मधल्या सुटीच्या सुरुवातीला एकच चित्र घ्यायचे, असे ठरले. तिसऱ्या दिवशी वर्ग झाडताना खोके सरकले आणि चौथ्या चित्रात भांडे एकदम डावीकडे उडी मारून गेलेले दिसले. मुले हिरमुसली. मी त्यांना पुन्हा सुरुवात करू दिली, कारण जागा आणि वेळ कायम ठेवल्याशिवाय दोन नोंदींची तुलना होत नाही, हे माझ्या सांगण्यापेक्षा त्या उडी मारलेल्या भांड्याने अधिक पक्के केले होते.

दुसऱ्या खेपेस नवव्या दिवशी एका मुलाने सगळी चित्रे पडद्यावर भराभर सरकवली आणि ओरडला, “सर, सगळे अंकुर खिडकीकडे वाकलेत.” रोज प्रत्यक्ष पाहताना हे कोणालाच जाणवले नव्हते. प्रकाशानुवर्तन हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. मग त्यांनी स्वतःहून भांडे उलटे फिरवले आणि अंकुर पुन्हा वळतात का, हे पाहिले. छायाचित्राने वर्गात काय करावे, असे मला कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देतो : उघड्या डोळ्यांना जे निसटते ते त्याने हाती द्यावे आणि त्यातून पुढचा प्रश्न निघावा.

निवृत्त_बाई

मी ३४ वर्षे ठाण्यातील शाळांत मराठी शिकवले. प्रारंभीच एक शंका नोंदवते, ती विरोध म्हणून घेऊ नये. मुलांना वाक्य लिहिण्याचा कंटाळा असतो आणि चित्र काढून सुटका होते, असा समज झाला तर या उपक्रमाने भाषेचे नुकसान होईल. मात्र आपल्याकडे चित्र आणि शब्द यांची फारकत कधीच नव्हती. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी आजही आहेत. चित्रांच्या एका संचाला ते पोथी म्हणतात आणि एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगतात. तिथे चित्र गाण्याची जागा घेत नाही आणि गाणे चित्राची जागा घेत नाही. चित्र बदलण्याचा क्षण कोणता, हे कथा ठरवते. तुमच्या वर्गात हीच शिस्त आणता येईल.

त्यासाठी आधी चित्र वाचायला शिकवावे लागते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एके काळी शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी यासाठी एक अत्यंत साधी पद्धत बसवली आहे. चित्र समोर ठेवून मिनिटभर सर्वांनी गप्प पाहायचे आणि मग शिक्षकाने तीनच प्रश्न विचारायचे : या चित्रात काय चालले आहे? असे तू चित्रातल्या कशावरून म्हणतोस? आणखी काय सापडते? शिक्षकाने बरोबर किंवा चूक म्हणायचे नाही; मुलाचे म्हणणे आपल्या शब्दांत नीट मांडून परत सांगायचे आणि चित्रात त्या जागी बोट दाखवायचे. निवृत्तीच्या आधीची चार वर्षे मी हे दर शनिवारी केले. यातला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण ‘तो माणूस गरीब आहे’ म्हणणाऱ्या मुलाला त्यासाठी चित्रातला पुरावा द्यावा लागतो आणि पुष्कळदा पुरावा शोधता शोधता तो आपले मत बदलतो. कविता शिकवतानाही मी पुढे हाच प्रश्न वापरू लागले.

फोटोओळीविषयी एक नियम मात्र कडक ठेवावा. चित्रात दिसते ते ओळीत पुन्हा लिहायचे नाही. ‘ही आमच्या गावातील विहीर आहे’ ही ओळ वाया गेली. त्या विहिरीचे पाणी पिणे कधी थांबले, दोर ओढताना आवाज कसा येतो, आता तिथे कोण येते, यांपैकी जे कॅमेऱ्याला पकडता आले नाही ते ओळीने सांगावे. एवढे सांभाळले तर माझी शंका मी मागे घेते.

पालक_ऐरोली

उपक्रम स्तुत्य आहे, तरीही एका पालकाचा अनुभव ऐकावा. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे छायाचित्र एका शाळेच्या सार्वजनिक पानावर आम्हाला न विचारता टाकण्यात आले. त्यात तिच्या गळ्यातील ओळखपत्रावरचे नाव आणि तुकडी स्वच्छ वाचता येत होती. ते काढून घ्यायला आम्हाला तीन पत्रे आणि १६ दिवस लागले. त्या काळात मुलगी शाळेत जायला तयार नव्हती, कारण वर्गातील काही मुलांनी ते चित्र घेऊन त्यावर काहीबाही लिहून फिरवले होते. यात कोणाचा वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही, पण विचारण्याची पद्धतच नव्हती.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अपेक्षा ठेवली आहे. कायद्याच्या तरतुदी बाजूला ठेवल्या तरी वर्षाच्या सुरुवातीला एक साधा लेखी नमुना भरून घ्यावा, ज्यात वर्गात लावणे, शाळेच्या अंकात छापणे आणि आंतरजालावर टाकणे यांसाठी वेगवेगळी संमती असेल. एकच सही तिन्हींसाठी घेऊ नये. फोनच्या कॅमेऱ्यातील लोकेशनची नोंद बंद करावी, कारण ती सुरू असेल तर चित्राच्या फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश साठतात आणि मुलाने घरी काढलेल्या चित्रातून घराचा पत्ता बाहेर जाऊ शकतो.

आणि मुले ज्यांची छायाचित्रे काढतात त्यांनाही विचारले जावे. दिवाळ्याच्या त्या आजींनी नकार दिला आणि नातीने तो पाळला, ही गोष्ट मी माझ्या मुलीला वाचून दाखवली.

सानपाडा_शिक्षक

एक छोटी पण महत्त्वाची बाब. गटात एकच फोन असला की तो बहुधा एकाच मुलाच्या हातात राहतो आणि मुलींकडे वही-पेन येते. मी दोन चित्रांनंतर फोन पुढच्याकडे गेलाच पाहिजे, असा नियम केला आणि कोणते चित्र कोणी काढले हे वहीत लिहायला लावले. पहिल्या वर्षी मी हे केले नव्हते आणि एका गटातील सर्व १२ चित्रे एकाच मुलाची निघाली होती.

वर्गशिक्षिका_कोपरखैरणे

सर्वांचे मनापासून आभार. उपक्रम मागच्या आठवड्यात झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

डार्करूम सरांच्या सूचनेप्रमाणे खिडकीचा तास आधी घेतला. बाईंच्या पद्धतीने आम्ही आजीच्या हातांचे चित्र, तिच्या आणि नातीच्या परवानगीने, वर्गात वाचले आणि २५ मिनिटे बोललो. “असे कशावरून म्हणतोस?” या प्रश्नाची मुलांना इतकी सवय झाली आहे की आता ती मलाही तो विचारतात. प्रत्येक गटाला १२ चित्रे, त्यांतून निवडायची पाच, प्रत्येकीखाली फोटोओळ. फोन दोन चित्रांनंतर पुढे जात होता.

एका गटाने रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा विषय घेतला. ठाणे खाडीतील त्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, हे त्यांनी वाचून ठेवले होते. शनिवारी सकाळी ती मुले पालकांबरोबर नेरुळच्या पाणथळीवर गेली आणि पहिल्या सहा चित्रांत त्यांच्या हाती चिखलावरचे गुलाबी ठिपके लागले. चित्रे पुसता येत नव्हती. उरलेल्या सहांमध्ये काय करावे, यावर ती तिथेच कट्ट्यावर बसून बोलली आणि मग त्यांनी पक्ष्यांकडे पाठ फिरवली. खारफुटीची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, दुर्बीण नातवाच्या डोळ्यांना लावून धरणारे आजोबा, ओहोटीनंतर चिखलात उरलेली पायांची नक्षी आणि प्लॅस्टिकची एक पिशवी, अशी चित्रे त्यांनी आणली. त्यांच्या अंतिम पाचांत ठिपक्यांचेही एक चित्र आहे आणि त्याखालची ओळ अशी आहे : “आम्हाला ते एवढेच दिसले. जवळ गेलो असतो तर उडाले असते.”

खरा धडा मात्र पिठाच्या गिरणीच्या गटाने दिला. गावठाणातली जुनी गिरणी, तिचे बंद शटर, नावे लिहिलेल्या डब्यांची रांग, मालकांच्या भुवयांवर साचलेले पीठ, कवडशात उडणारी पिठाची धूळ आणि काट्यावरचे हात, अशी त्यांची चित्रे होती. मी प्रत्येक गटाची चित्रे चार बाय सहाच्या आकारात छापून घेतली होती, कारण पडद्यावर क्रम लावताना फक्त एकाच मुलाला दिसते. मुलांनी ती फरशीवर मांडली. शटरचे चित्र पहिले ठेवले तर गिरणी सकाळी उघडते आणि दिवस सुरू होतो. तेच शेवटी ठेवले की गिरणी कायमची बंद पडल्यासारखे वाटते आणि पाहणाऱ्याच्या मनात कालवाकालव होते. गटातील चौघांना शटर शेवटी हवे होते, कारण तसे केल्यावर गोष्ट ‘भारी’ होत होती. एक मुलगी एकटी विरोधात होती. ती म्हणाली, “काका गिरणी बंद करणार नाहीयेत. शेवटी शटर ठेवलं तर आपण खोटं सांगतोय, चित्र खरं असलं तरी.” वाद ४० मिनिटे चालला, पुढचा तास गेला, आणि मी मध्ये पडले नाही. शेवटी शटर पहिले आले.

वृत्तपत्रात किंवा फोनवर रोज येणाऱ्या चित्रांविषयी जे मला एका तासात समजावून सांगता आले नसते ते त्या फरशीवर झाले. गुण देताना मी चित्राच्या देखणेपणाला फारच थोडे ठेवले. निवड का केली आणि उरलेली सात का सोडली, हे गटाने तोंडी सांगण्याला सर्वाधिक ठेवले.

पालक_ऐरोली यांनी मांडलेला मुद्दाही शेवटी उपयोगी पडला. मुले पाच चित्रे गिरणीवाल्या काकांना द्यायला गेली. त्यांना डब्यांचे चित्र फार आवडले आणि ते गिरणीत लावायचे म्हणाले, पण लगेच थांबून त्यांनी विचारले की डब्यांवर नावे वाचता येतात, त्या बायकांना विचारले का? मुलांनी विचारले नव्हते. त्याच संध्याकाळी ती चार घरी गेली. तिघींनी हो म्हटले, आणि चौथ्या मावशींनी स्वतःच्या डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून मग लावा, असे सांगितले. पट्टी लावलेले ते चित्र आता गिरणीत काट्याच्या वर आहे.

डार्करूम_नौपाडा

ताई, गिरणीच्या गटातल्या त्या मुलीला माझ्याकडे एखाद्या रविवारी पाठवा, आईवडिलांसह. फिल्मवरचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारा जुना एन्लार्जर अजून चालू स्थितीत आहे. कागदावर चित्र हळूहळू कसे उमटते, हे तिला दाखवायचे आहे.